येझदीवाला आकाराम

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे केलं ते वाचताना तुम्ही फार दचकणार नाही. तेवीस वर्षं पाचवी-सहावीच्या पोरांना मराठी शिकवलं. वर्गात चढलेला आवाज घरी आला तरी उतरत नाही, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. हे म्हणजे माझे यजमान, वर्धमान. त्यांचं भांड्यांचं दुकान. ते कधीच चिडत नाहीत, आणि मला त्याचाही राग येतो.

मंगळवार पेठेत आमच्या घरामागं, नाला ओलांडला की एक पटांगण होतं. जागा कुठल्याशा ट्रस्टची. भोवती दगडी भिंत, मधेमधे ढासळलेली, आणि एक फाटक. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला पेठेतली कुत्री पाळणारी मंडळी रोज सकाळी सहाला तिथं जमायची. कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण रीत पक्की होती. फाटकातनं आत आलं की कुत्र्याची साखळी काढायची, ती कडुलिंबाच्या खालच्या फांदीला अडकवायची आणि कुत्रं मोकळं सोडायचं. घरी जाताना हाक मारायची, कुत्रं आलं की साखळी उतरवून घ्यायची. फांदीला दहा-बारा साखळ्या लोंबत असायच्या. माणसं कट्ट्यावर बसून पेपरातल्या बातम्यांवर भांडायची आणि कुत्री धुळीत लोळायची.

त्या फांदीवर आमच्या गुंड्याची साखळी मात्र कधी दिसायची नाही. ती माझ्या मनगटाला दोन वेढे देऊन असायची.

गुंड्या खरं तर आदितीचा, आमच्या मुलीचा. सहावीत असताना तिनं त्याला नाल्याकाठनं उचलून आणलं, शाळेच्या दप्तरातनं. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. आमचं घर जैनाचं. त्यामुळं गुंड्याला दूध-भाकरी, आणि तीही दिवस मावळायच्या आत. पटांगणावर दादासो म्हणून एस.टी.तनं निवृत्त झालेले ड्रायव्हर यायचे. ते विचारायचे, "अरुणाबाई, ह्ये कुत्रं हाय का श्रावक?" आणि सगळा कट्टा हसायचा. मीही हसायचे. गुंड्या तब्येतीनं ठणठणीत होता, मला काय लाजायचं?

पुढं आदिती इंजिनिअरिंगला सांगलीला गेली. जाताना कुत्र्याच्या गळ्यात पडून रडली. माझ्या गळ्यात नाही पडली. एसटीत चढता चढता मला म्हणाली, "आई, त्याला रोज पटांगणावर मोकळं सोड. बांधून ठेवू नकोस. वचन दे." मी दिलं.

आणि पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. सोडला तो सोडलाच. मी हाका मारतेय, हा लांब उभा राहून बघतोय. मी चार पावलं पुढं गेले की हा आठ पावलं मागं. मी साडी खोचून पळतेय आणि कट्ट्यावरची माणसं पेपर बाजूला ठेवून बघतायत. शेवटी भिंतीच्या खिंडारातनं बाहेर पडून जो पसार झाला तो दुपारी सापडला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा माझी शाळाच चुकली. मग मात्र मी साखळी मनगटाला गुंडाळली ती कायमची. आदितीनं फोनवर विचारलं की सांगायचे, "हो गं, सोडते की रोज." मराठीच्या बाई, आणि पोटच्या पोरीशी खोटं बोलत होते.

आता आकाराम. तिन्ही वेळा गुंड्या सापडला तो आकारामच्या गोठ्यात, त्याच्या म्हशीच्या पायाशी बसलेला.

आकाराम गवळ्याचं काम करायचा. पाच म्हशी, नाल्यापलीकडं गोठा. चाळिशीचा, ठेंगणा, गळ्यात ताईत आणि आवाज असा की पेठेच्या ह्या टोकाला बोलला तर त्या टोकाला भाजीवाली मान वर करून बघेल. त्याच्याकडं एक येझदी मोटारसायकल होती. तिच्या सायलेन्सरची पुंगळी त्यानं मुद्दाम काढून टाकलेली. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल म्हणून सांगते. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर काढतात. मालक मोटारसायकल घेऊन पुढं सुटतो आणि म्हैस दोरी नाही, दावं नाही, नुसत्या त्या आवाजामागं पळते. गर्दीतनं, हलगीतनं, फटाक्यातनं. ज्याची म्हैस शेवटपर्यंत मालकाला सोडत नाही त्याची वर्षभर चर्चा. त्याचा सराव आकाराम वर्षभर करायचा, आमच्या पटांगणावर, रोज सकाळी साडेसहाला. चांदणी त्याची लाडकी म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका, शिंगं पाठीपर्यंत गेलेली. हा येझदी फडफडवायचा आणि ती धूळ उडवत यायची. आमच्या कानाचे पडदे फाटायचे, शेणाचे पो पायाखाली यायचे, आणि गुंड्या साखळीला असे हिसके द्यायचा की माझं मनगट सुजायचं.

शाळा चुकली त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, हा येझदीवाला नसता तर माझं कुत्रं कुठं गेलंच नसतं. घरी आले आणि ट्रस्टला अर्ज लिहिला. दोन पानं, माझ्या ठसठशीत अक्षरात. ‘जनावरे व कर्णकर्कश वाहन यांस पटांगणात मज्जाव करावा.’ खाली ‘एक त्रस्त नागरिक’. नाव घालायची हिंमत नव्हती. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा टपालपेटीत पाकीट टाकून आले आणि चहा फार गोड लागला.

महिन्याभरानं, श्रावणात, मी गुंड्याला धरून फाटकाशी उभी होते. आकाराम समोर आला. हातात कागद.

"बाई, जरा वाचून दावता का? चष्मा न्हाय आणला."

ट्रस्टची नोटीस होती. दसऱ्यापर्यंत म्हशींचा बंदोबस्त करा, नाहीतर फाटकाला कुलूप लावू, असा मजकूर. सोबत तक्रारीची प्रत जोडलेली. माझीच दोन पानं. मी माझाच अर्ज त्याला मोठ्यानं वाचून दाखवला, तेही जोडाक्षरांसकट. कान असे तापले होते की काय सांगू. तो मान हलवत ऐकत होता.

"कोण असंल वो ह्यो नागरिक?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत?" मी म्हणाले.

"व्हय, तुमाला काय म्हाईत," तो म्हणाला. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि गुंड्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, ह्ये तुमचं कुत्रं तुमच्याकडं का येत न्हाय, सांगू?"

मी मान डोलावली.

"तुमी त्येला हाक कवा मारताय? घरला जायच्या टायमाला. आला की साखळी. म्हंजे त्येच्या लेखी तुमची हाक म्हंजे साखळी. मग कशाला यील त्यो? मी असतो तर मीबी आलो नसतो."

बघा, तेवीस वर्षं शिकवलं, पण एवढी साधी गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. आकाराम म्हणाला, चांदणीला तो सकाळी वीसदा हाक मारतो. ती आली की मूठभर पेंड, मानेला खाजवणं आणि लगेच मोकळी. विसातनं एकदा फक्त दाव्याला. "तिला कळतच न्हाय की बाई, ही हाक कंची. म्हणून ती परतेक हाकंला येती."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं गुंड्याची शिकवणी सुरू केली. आधी लांब दोरी, मग आखूड, मग काहीच नाही. येझदी फडफडली की चांदणीला पेंड आणि गुंड्याला गुळाचा खडा. मग येझदी बंद करून मी हाक मारायची. सुरुवातीला माझ्या हाकेला गुंड्या नुसता कान हलवायचा.

"बाई, वरगात हजेरी घेताय व्हय?" आकाराम ओरडायचा. "जरा गोडीनं की! पोरगी सांगलीसनं आली तर अशीच हाक मारताय?"

मला राग यायचा, पण गिळायचे. त्या दिवसांत मी फार राग गिळला. एक तर अर्जाचं ओझं छातीवर, त्यात हा माणूस रोज धारा काढायच्या आधी माझ्यासाठी अर्धा तास उभा. त्याची मुलगी प्रीती माझ्याच वर्गात होती, सहावी ‘ब’. अक्षर गिचमिड, स्वभाव बापासारखा. तिची वही तपासताना मी रोज लाल शाईनं लिहायचे, ‘अक्षर सुधार’. शेवटी एक दिवस ठरवलं, सांगून टाकायचं. जीभ रेटेना. असं तीनदा ठरवलं आणि तीनदा घरी परत आले.

दसरा आला, गेला. फाटकाला काही कुलूप पडलं नाही. पण नोटीस होतीच. ह्या वर्षीचा पाडवा झाला की म्हशी दुसरीकडं न्याव्या लागतील, असं आकाराम कट्ट्यावर म्हणाला. दादासो त्या ‘नागरिका’ला काहीबाही बोलले. मी पायातली चप्पल नीट करत बसले.

आणि गुंड्या यायला लागला. खरंच यायला लागला! दिवाळीच्या आठ दिवस आधी मी पहिल्यांदा त्याची साखळी फांदीला अडकवली आणि एका हाकेत तो पायाशी आला. मी कट्ट्यावर सगळ्यांसमोर रडले. आदितीला फोन केला आणि पहिल्यांदा खरं सांगितलं, "गुंड्या मोकळा सुटतो गं." ती म्हणाली, "म्हणजे इतके दिवस सुटत नव्हता?" पोरगी हुशार आहे. परीक्षा आटोपून भाऊबीजेला सकाळी पोचते म्हणाली. "मला फाटकातनं त्याला पळताना बघायचंय."

पाडव्याला सकाळी मी शहाणपणा केला. फटाके काय संध्याकाळी उडतात, आत्ता कशाला घाबरायचं, म्हणून नेहमीसारखी सहाला गेले, साखळी फांदीला लावली, गुंड्याला सोडला. पाच मिनिटांत भिंतीपलीकडं कुणीतरी पत्र्याच्या डब्याखाली सुतळी बॉम्ब लावला. गुंड्या एकदा जागच्या जागी उडाला आणि खिंडारातनं गेला. मी हाक मारली. गोडीनं मारली, रागानं मारली, रडून मारली. माझ्या हाकेपेक्षा तो आवाज मोठा होता.

आकारामच्या गोठ्यात पळत गेले. तिथं नव्हता. आकारामही म्हशी घेऊन नदीवर गेलेला. ह्यांनी दुकान शेजाऱ्यावर सोपवलं आणि स्कूटर काढली. दादासो नाल्याच्या काठानं गेले. अकरा वाजले, एक वाजला. रिकामी साखळी माझ्या हातात, आणि डोक्यात एकच, उद्या सकाळी आदिती फाटकात उभी राहणार. मी तिला काय सांगू? दुपारी तीनला एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं ह्यांना सांगितलं, उचगावच्या रस्त्याला एक तपकिरी कुत्रं बघितलंय, एक कान पडलेलं, पण जवळ गेलं की पळतंय.

ह्यांची स्कूटर तिथं नुसती फुरफुरणार, गुंड्याला तिचं काय? त्याच्या ओळखीची येझदी. मी तशीच मिरवणुकीच्या रस्त्याला गेले. म्हशी रांगेत उभ्या होत्या. शिंगांना तेल, मोरपिसं, गळ्यात घुंगरांचे पट्टे, पाठीवर रंगानं मालकाचं नाव. आकाराम नव्या फेट्यात, येझदीवर बसलेला, मागं चांदणी. त्याच्यापुढं दोन जण राहिले होते. वर्षभर ज्यासाठी मेहनत केली ते दोन मिनिटांवर आलं होतं.

मी म्हणाले, "आकाराम, गुंड्या गेला."

त्यानं पुढच्या रांगेकडं बघितलं. एकदाच बघितलं. मग म्हणाला, "कुटं?"

"उचगावच्या रस्त्याला."

"बसा."

"कुठं बसू?"

"माझ्या डोक्यावर! मागं बसा की बाई, येळ घालवू नका!"

आणि मी बसले. ज्या गाडीविरुद्ध दोन पानं लिहिली त्या गाडीवर, दिवाळीची इरकल नेसून, एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातानं आकारामचा फेटा सावरत. त्यानं किक मारली, रांग सोडली आणि गाडी उलट्या बाजूला वळवली. चांदणी रांगेत थांबते होय! ती वळली, मोरपिसांसकट मागं पळायला लागली. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं हाही मिरवणुकीचाच भाग. टाळ्या काय, शिट्ट्या काय. माझा एक जुना विद्यार्थी ओरडला, "अरे, पाटील बाई! बाईंचा नाद खुळा!" मी डोळे मिटून घेतले. शपथेवर सांगते, आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती आणि एवढी आशाही.

उचगावच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या लागलेल्या होत्या. आकारामनं गाडी हळू केली आणि रोज पटांगणावर फडफडवायचा तशी फडफडवली. तीनदा. थांबला. परत तीनदा. चांदणी फुसफुसत उभी होती. काही नाही.

चौथ्यांदा फडफडवली तेव्हा तिसऱ्या ट्रॉलीखालनं एक पडका कान बाहेर आला.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. गुंड्या आधी सरपटत आला, मग पळत आला आणि थेट चांदणीच्या पायात जाऊन उभा राहिला. अंगभर चिखल, थरथर कापत होता. मी गाडीवरनं उडी मारली, साखळीचा आकडा उघडला.

"बाई, न्हाय!" आकाराम ओरडला. "आत्ता साखळी घातली तर समदं गेलं. त्यो आलाय. आल्याची शिक्षा देऊ नका."

"अहो, परत पळाला तर? मला परत सहन व्हायचं नाही!"

"पळाला तर मी हाय. हाक मारा."

मी साखळी पाठीमागं धरली. खाली बसले आणि हाक मारली. माझा आवाज मलाच ओळखू येईना. गुंड्या आला, माझ्या मांडीवर चिखलाचे पाय ठेवले, माझं तोंड चाटलं. आकारामनं दिलेला गूळ मी त्याला भरवला, पोटभर कुरवाळला आणि सोडला. हात सोडताना कसा सोडला, माझं मला माहीत.

मग आम्ही परत निघालो. पुढं येझदी, मागं चांदणी आणि चांदणीच्या सावलीत गुंड्या, साखळीशिवाय. फटाके वाजत होते. दरवेळी तो दचकायचा आणि म्हशीला आणखी चिकटायचा, पण फुटला नाही. मी मागं वळून वळून मान दुखवून घेतली. मिरवणूक केव्हाच संपली होती. रस्त्यावर नुसते फटाक्यांचे कागद आणि शेण.

घराच्या दारात उतरले. ह्यांनी गुंड्याला उचलून पोटाशी धरलं. मला आता राहवेना.

"आकाराम, तुझी मिरवणूक बुडाली. आणि मला तुला एक सांगायचंय. तो अर्ज..."

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"अर्ज तुमचा. पयल्या दिसापासनं म्हाईत हाय. माज्या पोरीच्या वहीत रोज लाल शाईनं काय लिवताय तुमी? ती तुमच्या अक्षरावानी अक्षर काढाय बसती रोज सांजचं, मी शेजारी बसतो. वळखू यीना व्हय मला?"

"मग मला वाचायला का लावलंस? चष्मा नाही म्हणून?"

"चष्मा मला न्हाईच, बाई. कवाच न्हवता. म्हटलं, बाईंच्या तोंडनं ऐकू तरी."

मी विचारलं, "आणि तरीपण गुंड्याला शिकवलंस?"

आकारामला खरंच प्रश्न कळला नसावा. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "अर्ज तुमी केलता. कुत्र्यानं न्हवं."

त्यानं चांदणीच्या शिंगाला अडकलेली पताका काढली, येझदीला किक मारली आणि गेला.

भाऊबीजेला सकाळी आदिती बॅग घेऊन सरळ फाटकातच आली. गुंड्याला मी हाक मारली नाही. तिनं मारली आणि तो धुळीचा लोट घेऊन तिच्यावर जाऊन आदळला. तासाभरानं ती म्हणाली, "आई, साखळी कुठाय?" मी फांदीकडं बोट दाखवलं.

मी कट्ट्यावर बसून ट्रस्टला दुसरा अर्ज लिहीत होते. पहिला अर्ज मीच केला होता, तो मी मागं घेते, सदर गवळ्याच्या म्हशींचा आम्हाला काही त्रास नाही. खाली पूर्ण नाव, सौ. अरुणा वर्धमान पाटील, सहावी ‘ब’च्या वर्गशिक्षिका. दादासोंनी सही करताना माझ्याकडं असं बघितलं की विचारू नका. सगळ्यांच्या सह्या झाल्या तेव्हा आकाराम आला. मी कागद त्याच्या हातात दिला. मांडीवर कागद ठेवून लिहिलेला, त्यामुळं ओळी वरखाली झाल्या होत्या. त्यानं कागद लांब धरून सावकाश, अक्षर न् अक्षर वाचला. मग माझ्याच पर्समधलं लाल पेन मागून घेतलं आणि समासात, प्रीतीच्या वहीत मी लिहायचे अगदी तसंच लिहिलं, ‘अक्षर सुधार’.

मी तो अर्ज परत उतरवून काढला, चांगल्या अक्षरात, आणि मगच टपालात टाकला.